अंगणातली झाडं, पायाखालची माती

दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली आणि माथेरानच्या बाजारपेठेकडे चालायला लागलं की नजर आपसूक वर जाते. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा यांच्या फांद्या दोन्ही बाजूंनी एकमेकींत गेलेल्या, आणि ऐन मे महिन्याच्या दुपारीही रस्त्यावर सावली. मुंबई-पुण्याहून लोक येतात ते याच सावलीसाठी. पण या गावातल्या झाडांचं काय चाललं आहे हे समजून घ्यायचं असेल तर मान खाली घालून चालावं लागतं. रस्त्याच्या कडेला झाडांची मुळं उघडी पडली आहेत, कुठे घोट्याइतकी, कुठे थेट गुडघ्यापर्यंत. घोड्यांच्या नालांनी त्यांची साल सोलवटून आतलं लाकूड गुळगुळीत झालं आहे. झाड रुजलं तेव्हा जमीन होती त्या पातळीवर ती आता नाही. काही ठिकाणी बंगल्याच्या आवारातली जमीन आणि बाहेरचा रस्ता यांत उभा कडा तयार झालाय आणि त्या कड्यातून अंजनीची मुळं हवेत लोंबताना दिसतात.

माथेरानच्या झाडांबद्दल बोलताना सगळे कुऱ्हाडीबद्दल बोलतात. मला मातीबद्दल आणि ती राखणाऱ्या हातांबद्दल बोलायचं आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांत इथल्या झाडाला कायद्याचं कवच बऱ्यापैकी मिळालं. त्याच्या बुंध्याशी वाकून बघणारं माणूस मात्र क्वचितच भेटतं.

हे गाव इतर गिरिस्थानांसारखं नाही, हे आधी सांगायला हवं. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने डोंगर चढून वर आले. त्यांना जे सापडलं ते दाट, सदाहरित रान होतं. नंतर इथे बंगले उठले ते त्या रानातच जागा करून. पाचगणीत गोष्ट वेगळी आहे. तिथे जॉन चेसन यांच्यासारख्या वसाहतकारांनी ऑस्ट्रेलियातला सिल्व्हर ओक आणून लावला. तिथली उंचच उंच झाडं माणसाने लावलेली, आणि साधारण एकाच काळातली म्हणून म्हातारीही एकाच काळात होणारी. सिल्व्हर ओकचं लाकूड ठिसूळ असल्यामुळे तिथल्या रहिवाशांची चिंता फांदी मोडण्याची. माथेरानमध्ये झाडं आधी, घरं नंतर. अंगणातलं जांभळाचं झाड कुणाच्या आजोबांनी लावलेलं नसतं. ते जंगलाचा एक तुकडा असतं आणि घर त्याच्या पायाशी येऊन वसलेलं असतं.

या रानाची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञ अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांवरून करून देतात. महाबळेश्वरच्या रानाचीही ओळख तीच. माथेरानची नोंद करणारेही लवकर भेटले. जे. वाय. स्मिथ यांचं या डोंगरावरचं, इथली माणसं, झाडं आणि प्राणी यांच्यावरचं पुस्तक १८७१ सालचं. मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश एच. एम. बर्डवुड यांनी माथेरान आणि महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली ती १८८०च्या दशकात. म्हणजे आज आपल्या अंगणात काय उभं आहे हे कळायला इथल्या रहिवाशाजवळ सव्वाशे वर्षांहून जुनी साधनं आहेत. फार थोड्या गावांना असं भाग्य मिळतं.

अंजनीचं थोडं जास्त सांगतो, कारण या गावाचा खरा भार तिच्यावर आहे. झाड मध्यम उंचीचं, पानं जाड, चकचकीत. लाकूड लोखंडासारखं कठीण. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्या फांद्यांना चिकटूनच गर्द निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात; झाडाखालची लाल माती त्या पाकळ्यांनी निळी होते. वाढ अतिशय सावकाश. मनगटाएवढी फांदी कुणी तारेच्या आड येते म्हणून सहज तोडतो, पण तेवढी जाड व्हायला तिला किती पावसाळे लागले असतील याचा हिशोब त्याच्या मनात नसतो.

आता माती. माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा आहे, सुमारे आठशे मीटर उंचीवरचा. त्यावर मातीचा थर पातळ. पावसाळ्यात इथे पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक करून वरच्या हात-दीड हात मातीतच असतात. ती खोल जात नाहीत, आडवी पसरतात, फांद्यांच्या घेरापलीकडेही जातात. जांभ्यावर तर त्यांना खोल जायला वावच नसतो. म्हणून इथे वरची वीतभर माती गेली म्हणजे झाडाचं अर्धं पोट गेलं.

ती जाते कशी? उन्हाळ्यात चारशेहून अधिक घोडे आणि हजारो पर्यटकांचे पाय रस्त्यावरची माती तुडवून भुगा करतात. जूनमध्ये तोच भुगा पहिल्या सरींबरोबर दरीत उतरतो. दरवर्षी थोडा थोडा. कातळ उघडा पडला की पाण्याला आणखी वेग येतो आणि ते कडेच्या आवारांची माती खालून पोखरतं. झाडाला घोडा बांधायची सवय तर त्याहून वाईट. जनावर एकाच जागी पाय आपटत राहतं, बुंध्याला अंग घासतं, कंटाळलं की साल कुरतडतं. वर्षा-दोन वर्षांत त्या झाडाभोवतीची जमीन सिमेंटसारखी घट्ट होते. घोडेवाल्यांना दोष देऊन मोकळं होण्यात अर्थ नाही. त्यांना घोडा उभा करायला जागा आणि बांधायला खुंट हवा. तो नाही म्हणून झाड.

एका जुन्या बंगल्याच्या राखणदाराने मला आवारातला फरक दाखवला. मालक मुंबईला, वर्षातून दोनदा येणार. हा गृहस्थ मात्र बायकोसह बारमाही इथेच. कुंपणाच्या आतल्या एका भागात तो पाचोळा कधी झाडत नाही, फक्त वाटेवरचा बाजूला ओढतो. दुसऱ्या भागात, पाहुण्यांच्या खोल्यांसमोर, मालकांच्या हुकुमाने रोज खराट्याने अंगण लख्ख करावं लागतं. मी दोन्हीकडे हात घालून पाहिला. पाचोळ्याखाली माती काळसर, भुसभुशीत, आत बोट जातं आणि बोटाला पांढरी, केसासारखी मुळं लागतात. झाडलेल्या बाजूला बोट शिरतच नाही. तिथल्या जांभळाचा शेंडा विरळ झालेला, टोकाच्या फांद्या वाळलेल्या. “मामा, मालकांना सांगितलंत का हे?” असं विचारलं तर म्हणाले, “साहेबांना साप येईल अशी भीती वाटते.” भीती खोटी नाही. पण दारापुढची दहा पावलं झाडावीत, बाकीच्या आवाराला त्याचा पाचोळा ठेवू द्यावा, एवढ्याने दोन्ही साधतं. पाचोळ्याला काडी लावणं तर कुणी करूच नये. त्या धगीने बुंध्याची साल आतून मरते आणि झाडाला काय झालं हे पुढच्या वर्षी कुणालाच कळत नाही.

उघड्या मुळांवर काय करायचं? इथे चांगल्या मनाची माणसंही चुकतात. मुळं दिसतात म्हणून बुंध्याभोवती गाडीभर माती लोटतात, वर चिऱ्यांचा पार बांधतात, त्याला गेरू लावतात. दिसायला छान दिसतं. पण बुंधा जिथे पसरट होऊन मुळांत उतरतो तो भाग हवेत राहायला हवा. तो मातीखाली गाडला की साल ओली राहून कुजते. त्यापेक्षा उताराच्या खालच्या बाजूला, झाडापासून थोडं लांब, हाताने रचलेली दगडांची बुटकी ताल घालावी, चुना-सिमेंटशिवाय, म्हणजे पाणी झिरपेल आणि गाळ अडेल. मुळांवर दोन-तीन बोटं माती आणि पाचोळा, एवढंच. पुढचा पावसाळा ती ताल स्वतः भरून काढतो. कोकणात आणि मावळात बांध-ताली घालणारी माणसं अजून आहेत. हे काम त्यांच्या हातचं आहे.

रस्त्यांचा वाद इथे टाळता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढत चढावर न्यायचं हे फार पूर्वीच थांबायला हवं होतं, आणि ई-रिक्षा त्या रिक्षावाल्यांच्याच हाती आली पाहिजे. ई-रिक्षा आली की रस्ता पक्का हवा, म्हणून पेव्हर ब्लॉकचा प्रश्न. दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर ते चालतील, आतल्या रस्त्यांवर नाहीत, असं न्यायालयाने ठरवलं. मला स्वतःला हा तोल योग्य वाटतो. फक्त रस्त्याच्या पृष्ठभागावर भांडताना रस्त्याच्या कडेचं कुणी बोलत नाही. ब्लॉक मातीचे असोत की सिमेंटचे, ते बुंध्याला भिडवून बसवले तर झाडाची हवा आणि पाणी बंद होणार. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्यांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. डोंगरमाथ्यावर एक मीटरही कमीच, पण निदान तेवढी जागा सोडायची सक्ती प्रत्येक ठेकेदाराच्या कागदावर हवी. आणि पक्क्या रस्त्यावरून वेगाने येणारं पाणी कुठल्या आवारात शिरणार, हे पावसाआधी ठरलेलं हवं.

कायद्याचं थोडक्यात. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्यामागे बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपसारख्या संस्थांचा लढा होता. शिवाय नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा झाडांचं संरक्षण आणि जतन करण्याचा राज्याचा कायदा लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसावृक्षाचा दर्जा दिला. माथेरानच्या अंगणांतली किती झाडं त्यात बसतील, याचा विचार केला तर हे अख्खं गावच वारसा ठरतं. त्या कायद्यातली एक गोष्ट रहिवाशांना सहसा ठाऊक नसते: झाड तोडणं यात ते जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणं हे सगळं धरलेलं आहे. मुळांवर काँक्रीट ओतणाऱ्यालाही हे लागू व्हायला काय हरकत आहे?

अडचण दुसरीकडे आहे. छपरावर झुकलेली सुकी फांदी उतरवायलाही परवानगी काढावी लागते, अर्ज, पाहणी, शिक्का यांत एप्रिल उलटतो, आणि मग मेच्या अखेरीस घाईघाईने छाटणी होते. रहिवासी घाबरलेला असतो, ते मी समजू शकतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगड जिल्ह्यातून गेलं, त्यानंतर छपराशेजारच्या झाडाकडे बघायची लोकांची नजरच बदलली. मात्र मेमधली छाटणी झाडाला सगळ्यात वाईट. एक तर तेव्हा घरटी भरलेली असतात. दुसरं, ताजी जखम घेऊन झाड चार महिन्यांच्या ओलीत उभं राहतं, आणि त्याच हवेत बुरशीचे बीजाणू असतात. हे काम डिसेंबर-जानेवारीत व्हावं. त्यासाठी परवानग्या दिवाळीच्या सुमारास द्याव्यात. पालिकेला हे अशक्य नाही.

फांदी कशी काढावी, हे मी खालच्या एका ठाकरवाडीतून आलेल्या माणसाकडून पाहिलं. जांभळावर चढला, कमरेला दोर, हातात करवत. कोयता त्याने खालीच ठेवला होता. फांदी मांडीएवढी. आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर त्याने खालून करवत लावली, तिसरा हिस्सा कापला. मग थोडं पुढे सरकून वरून कापली. फांदी मोडून दोरावर लोंबली, हळूच खाली आली, आणि खालच्या पहिल्या कापामुळे साल बुंध्यापर्यंत फाटत गेली नाही. उरलेला खुंट त्याने तिसऱ्यांदा कापला. बुंध्याला सपाट घासूनही नाही आणि खुंट ठेवूनही नाही, तर जिथे फांदी फुटते तिथे सालीची जी फुगीर कडी असते तिच्या अगदी बाहेरून. त्याला हे कुणी वर्गात शिकवलं नव्हतं. “त्या कडीला धक्का लावला तर झाड तोंड मिटत नाही, दादा,” एवढंच तो म्हणाला.

अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून जे मांडलं ते हेच. माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. कुजलेला भाग झाड दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंती घालून त्याला आत कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. फांदीच्या मुळाशी असलेली ती फुगीर कडी हीच त्या भिंतीची जागा. ती कापून टाकली की कूज सरळ बुंध्यात उतरते. जखमेवर डांबर किंवा रंग फासण्याने कूज थांबत नाही हेही त्यांनी दाखवलं. तरी डांबराचा डबा घेऊन फिरणारी मंडळी अजून दिसतात.

माथा छाटण्याबद्दल तर आर्जवाने सांगावंसं वाटतं: करू नका. झाड बुटकं केलं की वाऱ्याला कमी लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात झाड अन्नाला मुकतं, घाबरल्यासारखं कापाच्या कडेने पाणसोट, म्हणजे सरळसोट कोवळे फुटवे, सोडतं, आणि ते पाणसोट आतल्या लाकडात नीट रुजलेले नसतात. चार-पाच वर्षांनी तेच जाड होऊन तुमच्या कौलांवर येतात. एका वर्षात हिरव्या माथ्याचा चौथा हिस्सा, याहून जास्त कधीच काढू नये. आणि शेजारच्या झाडाशी भिडलेली फांदी काढण्याआधी वर बघावं. शेकरू, आपला राज्यप्राणी, याच फांद्यांवरून झाडामागून झाडं ओलांडत जातं; जमिनीवर उतरणं त्याला धोक्याचं. एका बंगल्याने मोकळं आकाश मागितलं की त्याची वाट तुटते. शिवाय इथली झाडं एकमेकांच्या आडोशाने वाढलेली आहेत. मधलं एक गेलं की पश्चिमेकडचा वारा आजवर ज्याला कधी लागला नव्हता अशा झाडाला लागतो, आणि पुढच्या पावसात तेच पडतं.

पोकळ झाड म्हणजे पडणारं झाड, हा समजही काढून टाकायला हवा. बुंध्याचं बळ बाहेरच्या कवचात असतं. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस मॅथेक यांनी शेकडो झाडं पाहून ठोकताळा दिला: धडधाकट कवचाची जाडी बुंध्याच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी असेल तर झाड सहसा टिकतं. वर्षानुवर्षं तिरकं वाढलेलं झाडही घाबरण्यासारखं नसतं, त्याने स्वतःला तसं सावरून घेतलेलं असतं. घाबरायचं ते यंदाच कललेल्या झाडाला. वाऱ्याच्या बाजूला बुंध्यापासून चार-सहा फुटांवर जमिनीला अर्धवर्तुळाकार भेग पडली असेल, माती उचलल्यासारखी दिसत असेल, किंवा श्रावणात बुंध्याच्या पायथ्याशी लाकडासारखी कठीण, तपकिरी अळंबी उगवली असेल, तर त्या झाडाखाली कुणाला झोपू देऊ नये आणि पालिकेत त्याच दिवशी जावं.

उलट ज्याला लोक रोग समजतात ते बरंचसं निरुपद्रवी असतं. बुंध्यावरचं शेवाळ, दगडफूल, नेचे, आमरी यांतलं काहीच झाडाचं रक्त पीत नाही. त्यांना फक्त बसायला जागा हवी असते. ती खरवडून काढताना सालच दुखावते. बांडगूळ मात्र खरोखर शोषतं. फुलटोचा हा चिमुकला पक्षी त्याची चिकट फळं खातो आणि बी दुसऱ्या फांदीवर पुसून ठेवतो. झाड अशक्त असेल तर बांडगूळ असलेली फांदी, ते जिथे चिकटलंय त्याच्या हातभर मागून, फळं पिकायच्या आत काढावी. झाड जोमात असेल तर एखाद-दुसरं राहू द्यावं. त्या पक्ष्यालाही इथेच राहायचं आहे.

एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मोठी झाडं अजून उभी आहेत म्हणून त्यांच्या पायाशी काहीच उगवत नाही हे कुणाच्या ध्यानात येत नाही. बंगल्यांच्या आवारात रोपं खराट्याखाली जातात, रस्त्याकडेला खुरांखाली, आणि उरलेली घोडे खातात. अशा एखाद्या आवारात दहा जांभळं मोजली तर सगळी म्हातारी निघतात. करंगळीएवढं, मनगटाएवढं, दंडाएवढं असं मधल्या वयाचं झाड शोधूनही सापडत नाही. भरपाई म्हणून नर्सरीतून येणारा गुलमोहर किंवा बॉटल पाम लावून ही फळी भरून निघणार नाही. या मातीला, या वाऱ्याला ओळखणारं बी इथेच पडतं.

आणि ते मिळवणं अवघड नाही. जांभळाच्या बीचा जूनमध्ये रस्त्यावर खच पडलेला असतो. ती साठवून चालत नाही, काही आठवड्यांतच तिचा जीव जातो. म्हणून गर धुऊन लगेच, सावलीत, बंगल्याच्याच पाचोळ्याच्या खतात लावायची. एका बीतून कधी दोन-तीन रोपं निघतात, त्यातलं जोमदार ठेवायचं. अंजनीला धीर लागतो. तिची आपोआप उगवलेली रोपं शोधून जागीच राखणं जास्त सोपं. प्रत्येक आवारात अशी चार रोपं निवडावीत आणि राखणदाराच्या कामात त्यांचा स्पष्ट उल्लेख असावा, त्याचा मोबदलाही. भोवती कुंपण म्हणून कारवीच्या काठ्या पुरतात. त्या दोन पावसाळ्यांत कुजतात, म्हणून तिसऱ्या वर्षी नव्या बांधाव्या लागतात, आणि रोप घोड्याच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत दर दोन वर्षांनी तेच.